जंताच्या औषधाने पिल्लाचं लिव्हर बिघडतं का?

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंनी पिल्लाचा रिपोर्ट पाठवून विचारलं आहे. गल्लीतल्या कुत्रीचं पिल्लू त्यांनी घरी आणलं. आता ते दहा आठवड्यांचं आहे, वजन ४ किलो. आणल्यावर डॉक्टरांनी फेबान्टेल आणि पायरँटेल असलेलं जंताचं सिरप ४ मिली दिलं, आणि दुसऱ्या दिवशी शीतून पांढरट, बोटाहून लांब जंत पडले. पिल्लू खातं, खेळतं. पण दहा दिवसांनी लसीच्या वेळी हिरड्या जरा फिकट वाटल्या म्हणून रक्त तपासलं, तर एसजीपीटी (यकृताच्या पेशींतलं एंझाइम) १६८ आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (यकृतातलं आणखी एक एंझाइम) २४० आलं. बिलिरुबिन ०.३, अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन) २.५, हिमोग्लोबिन ९ आणि इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) १४ टक्के. शेजारी कोणी म्हणालं, औषध लिव्हरवर गेलं, आता पुढचा डोस देऊ नका, लिव्हर टॉनिक सुरू करा. ताईंना विचारायचंय की हे खरं आहे का. घरात चार वर्षांचा नातू आहे, म्हणून जंत तसेच ठेवायचीही भीती वाटते.

ताई, पुढचा डोस थांबवू नका. तुमच्या पिल्लाच्या यकृताला जो त्रास झालेला दिसतो तो बहुधा जंतांनीच दिलेला आहे, औषधाने नाही. असं मी का म्हणते ते नीट समजून घ्या, कारण हा प्रश्न इंदुरात मला वारंवार विचारला जातो आणि दर वेळी कोणीतरी मधेच औषध बंद केलेलं असतं.

पिल्लांमधला गोल जंत म्हणजे टोक्सोकारा केनिस. शीतून पडतो तो मोठा झालेला जंत. १० ते १८ सेंटिमीटर लांबीचा, लहान आतड्यात राहणारा. आपल्या डोळ्यांना तो एवढाच दिसतो, म्हणून वाटतं की हा पोटाचा आजार आहे, यकृताचा त्याच्याशी काय संबंध? पण आतड्यात पोचण्याआधी त्याने बराच प्रवास केलेला असतो. पिल्लाने माती चाटली, त्यात जंताची पिकलेली अंडी होती, ती पोटात गेली की लहान आतड्यात अळी बाहेर पडते. ती तिथे थांबत नाही. आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि आतड्याचं सगळं रक्त जिथे जातं तिथे, म्हणजे यकृतात, एक-दोन दिवसांत पोचते. यकृताच्या पेशींमधून वाट काढत पुढे हृदय, मग फुप्फुसं, तिथून श्वासनलिकेतून वर घशात. पिल्लू खोकतं, ती गिळली जाते आणि पुन्हा आतड्यात उतरते. आता कुठे ती तिथे मुक्काम करून मोठी होते. जंत झालेल्या पिल्लांना खोकला का येतो, हेही यातूनच कळतं.

आईकडून येणारी अळी आणखी आधी येते. मोठ्या कुत्रीच्या पोटात अंडी गेली तर बऱ्याचशा अळ्या आतड्यात न परतता तिच्या स्नायूंत आणि इतर अवयवांत निपचित पडून राहतात, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं. ती गाभण राहिली की साधारण बेचाळिसाव्या दिवसानंतर त्या जाग्या होतात आणि वारेतून गर्भात जातात. तिथे त्या गर्भाच्या यकृतात जमा होऊन जन्माची वाट पाहतात. म्हणजे तुमचं पिल्लू जन्माला आलं तेव्हाच त्याच्या यकृतात जंताच्या अळ्या असण्याची दाट शक्यता होती. उरलेल्या अळ्या दुधातून येतात, पण त्या बहुतेक थेट आतड्यातच वाढतात, यकृतातून फिरत नाहीत. जन्मापासून तिसऱ्या आठवड्यात अशा पिल्लाच्या शीतून जंताची अंडी बाहेर पडायला लागतात.

अळी यकृतातून गेली की मागे काय ठेवून जाते? तिच्या वाटेवर बारीक रक्तस्राव, मेलेल्या पेशी आणि भोवती जमा झालेले इओसिनोफिल. पुढे तिथे पांढुरके ठिपके, लहान गाठी दिसतात. पेशी फुटली की तिच्यातलं एंझाइम रक्तात येतं, आणि रिपोर्टमध्ये एसजीपीटी वर गेलेलं दिसतं. तुमच्या रिपोर्टमधले १४ टक्के इओसिनोफिल हेच सांगताहेत: कुठेतरी कृमी शरीरात हिंडत आहेत. औषधाच्या विषबाधेत इओसिनोफिल सहसा एवढे वाढत नाहीत.

आता औषधाकडे या. पायरँटेल आतड्यातून रक्तात फारच कमी शोषलं जातं, आणि ते तसं असणं आपल्याला हवंच आहे. ते जंताच्या स्नायूंना आकडी आणून त्याला लुळा करतं, पकड सुटते आणि तो शीबरोबर बाहेर पडतो. यकृतापर्यंत जाण्याइतकं औषध रक्तात जातच नाही. फेबान्टेल थोडं वेगळं आहे. ते शोषलं जातं आणि यकृतातच त्याचं फेनबेंडाझोल आणि ऑक्सफेंडाझोल होतं, जे पुढे जंताला मारतं. म्हणजे यकृताला थोडं काम पडतं, हे मी नाकारत नाही. पण ही औषधं जंताच्या पेशींतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला जितकी घट्ट चिकटतात तितकी कुत्र्याच्या ट्युब्युलिनला चिकटत नाहीत, आणि वजनाप्रमाणे दिलेल्या डोसाने निरोगी यकृताचं नुकसान होत नाही. तुमचा डोसही बरोबर होता. या सिरपचा डोस किलोला १ मिली असतो.

शिवाय एक साधा हिशेब करून पाहा. कुत्र्याच्या रक्तात एसजीपीटी साधारण अडीच दिवसांत निम्मं होतं. औषध एकदाच दिलं होतं. समजा त्यानेच पेशी मारल्या आणि दुसऱ्या दिवशी एसजीपीटी शिखरावर पोचलं. मग रक्त घेईपर्यंतच्या आठ-नऊ दिवसांत ते किमान तीन वेळा निम्मं झालं असणार. आज सामान्यापेक्षा सव्वाशे जास्त उरायला तेव्हा ते हजाराच्या वर असायला हवं होतं. एवढं यकृत दुखावलेलं पिल्लू त्या आठवड्यात खेळलं नसतं. ते उलट्या करत, न खाता कोपऱ्यात पडलं असतं. एकदा दिलेलं औषध एकदाच धक्का देतं. अळ्या मात्र रोज नव्याने येत राहू शकतात, आणि आईच्या जुन्या शीच्या मातीत पिल्लू वावरत होतं तोवर त्या येतच होत्या. म्हणून दहाव्या दिवशी किंचित वर असलेलं एसजीपीटी जंतांच्या चालीशी जुळतं, औषधाच्या चालीशी नाही.

अल्कलाइन फॉस्फेटेज २४० पाहून तर मुळीच घाबरू नका. वाढत्या पिल्लाच्या हाडांतूनही हे एंझाइम येतं, आणि लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा मोठ्या कुत्र्याची असते. पिल्लाचं त्याच्या दुप्पट-अडीचपट असणं नेहमीचं आहे. अल्ब्युमिन २.५ हेही या वयाला साजेसं.

इथे मला एका गोष्टीवर जरा जोर द्यायचा आहे, कारण डॉक्टरसुद्धा घाईत बोलताना यात गल्लत करतात. एसजीपीटी वाढणं म्हणजे यकृताचं काम बिघडणं नव्हे. भिंतीला ओल आली याचा अर्थ घर पडलं असा होत नाही. एंझाइम फक्त सांगतं की काही पेशी फुटल्या. यकृत काम करतंय की नाही हे अल्ब्युमिन, बिलिरुबिन, साखर, युरिया, कोलेस्टेरॉल, रक्त गोठण्याची वेळ आणि गरज पडली तर पित्ताम्ल चाचणी सांगते. तुमच्या पिल्लाचं बिलिरुबिन ०.३ आहे, कावीळ नाही, अल्ब्युमिन ठीक आहे. यकृत आपलं काम करतंय.

मग जंताचं औषध दिल्यावर यकृताचं काय होतं? फार वेळा चांगलंच होतं, पण लगेच नाही. आतड्यातले मोठे जंत गेले की पिल्लाने खाल्लेलं अंगी लागतं आणि अल्ब्युमिन हळूहळू चढतं. पायरँटेलचा अळ्यांवर काही परिणाम होत नाही, कारण ते आतड्याबाहेर जातच नाही. म्हणून त्या वेळी यकृतात किंवा फुप्फुसात फिरणाऱ्या अळ्या नंतर आतड्यात पोचतात, आणि दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो तो याच अळ्यांसाठी. तो चुकवला तर पहिल्या डोसाचा अर्धा फायदा वाया जातो. नवी अळी येणं थांबलं की एसजीपीटी तीन-चार आठवड्यांत खाली येतं. यकृत हा स्वतःला भरून काढणारा अवयव आहे, बारीक व्रण सोडले तर पिल्लाला पुढे त्याचा त्रास राहत नाही.

पण "जंताचं औषध निर्धोक असतं" असं सरसकट वाक्य मी कधीच बोलणार नाही. काही औषधांनी कुत्र्यांच्या यकृताला खरंच इजा झालेली आहे, आणि लोकांच्या मनातली भीती तिथूनच आली असावी. मेबेंडाझोल हे त्यातलं पहिलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पशुवैद्यकीय नियतकालिकांत अशी कुत्री नोंदली गेली ज्यांच्यात ठरल्या डोसातल्या मेबेंडाझोलने यकृताच्या पेशी एकाएकी मेल्या. कोणत्या कुत्र्याला होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून आज कुत्र्यांसाठी आम्ही ते वापरत नाही. दुसरं म्हणजे डायइथाइलकार्बामॅझिन आणि ऑक्सिबेंडाझोल यांचं जोड-औषध. अमेरिकेत ते हृदयकृमी आणि इतर जंतांसाठी देत, आणि काही कुत्र्यांत त्याने यकृतदाह झाला.

आणि अल्बेंडाझोल. याचा धोका यकृतापेक्षा अस्थिमज्जेला जास्त आहे. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घसरतात. हे मी इतक्या तळमळीने सांगते कारण दर वर्षी १० फेब्रुवारीला राष्ट्रीय कृमिमुक्ती दिवस असतो, शाळेत आणि आंगणवाडीत मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात, आणि घरी उरलेली किंवा दुकानातून आणलेली तीच गोळी कुत्र्याच्या तोंडात जाते. मुलांसाठी ती मोहीम उत्तम आहे. पण ४ किलोच्या पिल्लाला ती गोळी म्हणजे किलोला १०० मिलिग्रॅम. कुत्र्यांत जिथे कधी अल्बेंडाझोल वापरलं जातं तिथे एका डोसाला किलोमागे २५ मिलिग्रॅमच्या आसपास देतात. माणसांची गोळी पिल्लाला देऊ नका, अर्धी नको, पावही नको.

घरगुती उपायांबद्दलही विचारतात, म्हणून सांगते. तान्ह्या बाळाला वावडिंगाचं पाणी देणारी आपली घरं पिल्लालाही ते देतात. कुत्र्यासाठी त्याचा भरवशाचा डोस कोणी ठरवलेला नाही आणि या जंतावर त्यावर विसंबता येत नाही. लसूण मात्र चक्क घातक आहे. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, बिलिरुबिन वाढतं, डोळे पिवळे होतात, आणि मग सगळे पुन्हा म्हणतात, लिव्हर गेलं.

हे मी का लांबवतेय? कारण पिल्लाचे यकृताचे आकडे वाढलेले दिसले की ज्यांची चौकशी आधी करायची ती कारणं जंताच्या औषधाच्या नावाखाली दडून जातात. पावसाळ्यात इंदुरात साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टोस्पायरोसिस कावीळ करतो. गोचिडातून येणारा एर्लिकिया अल्ब्युमिन पाडतो, प्लेटलेट्स पाडतो, एंझाइम वाढवतो. लस न झालेल्या पिल्लात विषाणूचा यकृतदाह होऊ शकतो. बुरशी लागलेला मका किंवा ओलसर झालेलं कुत्र्याचं खाणं, त्यातलं अफ्लाटॉक्सिन थेट यकृतावर जातं. ताप आला म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची गोळी तर मी न विसरता विचारते. स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा थेंब चालू असतील तर कुत्र्यात अल्कलाइन फॉस्फेटेज त्यानेही चढतं, आणि ही गोष्ट कुत्र्याचीच खासियत आहे. तुमच्या पिल्लाला यातलं काही झाल्याचं वर्णनावरून दिसत नाही, तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना गोचिडांबद्दल आणि दिलेल्या प्रत्येक औषधाबद्दल सांगा.

एक आजार मला वेगळा सांगायचा आहे. काही पिल्लांत जन्मतःच आतड्याचं रक्त यकृताला वळसा घालून जातं. अशी पिल्लं खुरटलेली राहतात, त्यांना वारंवार जंताचं औषध दिलं जातं, "जंत असतील" असं म्हणत महिने जातात. त्यांची खूण अशी की जेवल्यानंतर गुंगल्यासारखी होतात, भिंतीला डोकं टेकून उभी राहतात, गोल गोल फिरतात, कधी लाळ गाळतात. यांच्यात एसजीपीटी फार वाढतही नाही, म्हणून उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी पित्ताम्ल तपासावं लागतं. यकृत खरोखर कमजोर असलेल्या अशा पिल्लाला जंताचं औषध देताना मी रक्तात न जाणारं पायरँटेल निवडते. यकृतात मोडली जाणारी औषधं, ज्यात फीतकृमीचं प्राझिक्वांटेलही आलं, तिथे गरजेशिवाय देत नाही.

फिकट हिरड्यांबद्दल. गोल जंत रक्त पीत नाही, आकड्याचा जंत म्हणजे हुकवर्म पितो. दहा आठवड्यांच्या पिल्लाचं हिमोग्लोबिन मोठ्या कुत्र्यापेक्षा कमीच असतं, तेव्हा ९ मध्ये फार भ्यावं असं नाही, पण शी तपासून घ्या. ताजी शी, त्याच दिवसाची, झाकणाच्या डबीत. मिठाच्या किंवा साखरेच्या दाट पाण्यात ती घुसळली की अंडी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कोणत्या जंताची आहेत ते कळतं. जवळच्या लॅबने कुत्र्याची शी घेतली नाही तर इंदूरपासून साधारण २५ किलोमीटरवर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारा. पायरँटेल हुकवर्मवरही काम करतं, त्यामुळे दुसऱ्या डोसाचं आणखी एक काम निघालं.

लिव्हर टॉनिकची गरज मला दिसत नाही. दिलंत तर बहुधा नुकसान होणार नाही, पण "टॉनिक चालू आहे" या समाधानात डोस पुढे ढकलला जातो, आणि माझी हरकत त्याला आहे. त्या पैशांत पिल्लाला उकडलेलं अंडं, डाळ-भाताबरोबर थोडं कोंबडीचं मांस द्या. दूध पोटाला चालत असेल तरच द्या.

नातवाची चिंता तुम्ही केलीत ते योग्यच आहे. ही अळी माणसाच्या पोटात गेली तर मोठी होत नाही, पण हिंडत राहते, आणि माणसातही तिचा आवडता थांबा यकृतच असतं. काही मुलांत यकृत सुजतं, इओसिनोफिल वाढतात, ताप येतो, आणि क्वचित ती डोळ्यात पोचून नजर जाते. पण पिल्लाला कुरवाळल्याने हे सहसा होत नाही. ताज्या शीतली अंडी लगेच लागण करू शकत नाहीत. त्यांना मातीत पिकायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. धोका आहे तो जुन्या, विसरलेल्या शीच्या मातीत. म्हणून पिल्लाची शी त्याच दिवशी उचला आणि अंगणाचा तो कोपरा नातवाच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठेवा. एका मादीची दिवसाला लाखभर अंडी बाहेर पडू शकतात आणि पिकलेली अंडी सावलीच्या ओलसर मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. फिनाइल ओतून ती मरत नाहीत. उकळतं पाणी आणि कडक ऊन, या दोन्हींचा थोडा उपयोग होतो. जेवणाआधी हात धुण्याची शिस्त मात्र नातवाला आत्ताच लावा.

पिल्लाची आई अजून गल्लीत असेल तर तिलाही औषध द्या. पिल्लांना चाटताना त्यांच्या शीतून पडलेल्या अळ्या पोटात जाऊन तिलाही पुन्हा लागण होते, आणि तिच्या अंगात निपचित असलेल्या अळ्या पुढच्या वीणीत नव्या पिल्लांकडे जातील. त्या झोपलेल्या अळ्यांना पूर्ण संपवणारं औषध नाही. गाभणपणाच्या चाळिसाव्या दिवसापासून व्यायल्यानंतर चौदा दिवसांपर्यंत रोज फेनबेंडाझोल दिलं तर पिल्लांकडे जाणाऱ्या अळ्या बऱ्याच कमी होतात, पण गल्लीतल्या कुत्रीला ते रोज देणं जमेलच असं नाही. शेजारीपाजारी मिळून तिची नसबंदी करून घेतली तर प्रश्नच मिटतो.

पिल्लाचं वेळापत्रक असं ठेवा: पहिल्या डोसापासून चौदाव्या दिवशी दुसरा, मग दोन आठवड्यांनी तिसरा, त्यानंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला एक, आणि पुढे आयुष्यभर तीन महिन्यांनी एक. प्रत्येक वेळी आधी वजन करा. या वयात पिल्लू आठवड्याला वाढतं आणि मागच्या महिन्याच्या वजनावर दिलेला डोस अपुरा पडतो. एसजीपीटी दुसऱ्या डोसानंतर तीन-चार आठवड्यांनी तपासा. खाली आलं असेल तर विषय संपला. तेवढंच राहिलं किंवा चढलं तर वर सांगितलेली कारणं एकेक करून शोधायची आणि पित्ताम्ल चाचणी करून घ्यायची.

तोवर थांबू नये अशा खुणा लक्षात ठेवा. डोळे किंवा हिरड्या पिवळ्या दिसणं, लघवी हळदीसारखी गडद होणं, जेवल्यावर गुंगी, नाकातून किंवा शीतून रक्त. आणि औषध दिल्यानंतर पोट टम्म फुगून उलट्या होऊ लागल्या आणि शी बंद झाली, तर ते बहुधा मेलेल्या किंवा लुळ्या जंतांचा गोळा आतड्यात अडकल्याचं लक्षण असतं. खूप जंत असलेल्या लहान पिल्लांत असं होऊ शकतं. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रात्रीच डॉक्टरांकडे न्या.

लस मात्र याच्यासाठी अडवू नका. पिल्लू खेळतंय, ताप नाही, तर पहिली लस या आठवड्यात घ्यायला हरकत नाही.